सहाच्या आत घरात

माझ्या नायिकेला संध्याकाळ नाही. तेवीस कादंबऱ्या लिहून झाल्यावर माझ्या धंद्यातलं एवढंच मला खात्रीनं सांगता येतं.

मराठीतलं प्रेम संध्याकाळीच होत आलेलं आहे. तळ्याकाठी, टेकडीवर, चौपाटीवर, कॉलेजमागच्या रस्त्यावर. दिवेलागणीला तिला घरी जायचं असतं आणि तो ‘थांब ना थोडं’ म्हणतो. पहिल्या कादंबरीत मीही हेच केलं. साल १९९३. मूलच्या एका राईस मिलमध्ये दिवाणजी म्हणून लागून मला नऊ वर्षं झाली होती. नायक-नायिकेला मी तलावाच्या पाळीवर बसवलं, सूर्य पाण्यात बुडवला, तिच्या पदराला वारा दिला. पाच पानं झाली. रात्री बायकोला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि सुपातून मान वर न काढता म्हणाली, “सांजच्याला तलावाच्या पाळीवर बाया बाहेरच्याला जातेत. तुमचा हिरो तिथं काय करते?”

ती पानं फाडली नाहीत. कागद महाग होता. मागच्या कोऱ्या बाजूवर बारदान्याचा हिशेब केला. पण लिहिण्याचं माझं शिक्षण त्या रात्री सुरू झालं. तोवर झालं होतं ते नुसतं वाचन.

वाचन मात्र भरपूर होतं. गावच्या वाचनालयात ना. सी. फडके सलग दोन फळ्या भरून होते. त्यांचं ‘प्रतिभासाधन’ हे १९३१ सालचं पुस्तक मी अकरावीत असताना पाठ्यपुस्तकासारखं अधोरेखित करून वाचलं. लेखनाला तंत्र असतं आणि ते शिकता येतं, हा त्यांचा आग्रह धानाच्या गावात वाढलेल्या मुलाला लगेच पटला. पऱ्हे टाकण्यालाही तंत्र असतंच. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे यांची पुस्तकं मास्तरांच्या आणि तहसील कचेरीतल्या बाबूंच्या घरी फिरून यायची. पानांना फोडणीचा वास लागलेला असायचा. आणि चंद्रकांत काकोडकर टेबलाखालून मिळायचे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘शामा’ या लेखनावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली सोडलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून राज खोसलांचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. एकाच माणसाला एकाच वर्षात दिल्लीच्या कोर्टानं निर्दोष ठरवावं आणि मुंबईच्या सिनेमानं डोक्यावर घ्यावं, याचं मला फार अप्रूप वाटायचं. प्रेमकथा लिहिणाऱ्याचं असंच असतं असं मी समजून चाललो. माझ्या बाबतीत दोन्ही घडलं नाही.

कधी लिहिता, असं लोक विचारतात. मूल चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या साधारण मध्यावर आहे आणि इथलं सगळं वेळापत्रक धान ठरवतं. दिवाळीनंतर माल यायला लागला की मिल होळीपर्यंत, कधी त्याहून पुढे, थांबत नाही. त्या महिन्यांत कादंबरी लिहिणं शक्य नाही. काट्यावर गाड्यांची रांग, हमालांची हजेरी, पावत्या, आणि सगळ्यावर तुसाची धूळ. तेव्हा मी फक्त ऐकतो. कोणी काही वेगळं बोललं की काट्याच्या पावतीच्या पाठीवर टिपतो आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या थोड्याशा लोंब्या बाजूला काढून ठेवल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या आणि त्या वाणाला एचएमटी घड्याळाचं नाव पडलं. आज तो तांदूळ कुठल्या कुठे खाल्ला जातो. त्यांचं नाव माझ्या पावत्यांशेजारी घेणं शोभत नाही. पण लोंबी वेगळी दिसली की काढून ठेवायची, एवढं मी त्यांच्याकडून उचललं. माझी बहुतेक लोंबी पोचट निघते, ही गोष्ट वेगळी.

लिहायचं ते पावसाळ्यात. पहाटे साडेचार ते साडेसहा, ओसरीवर, मिलच्या गेल्या सालच्या रोजमेळाच्या उरलेल्या पानांवर. या पट्ट्यातला बांबू बल्लारपूरच्या कारखान्यात जातो आणि त्याचा कागद होतो. आपल्याच जंगलावर लिहितोय असं मला सुरुवातीला वाटायचं, आता वाटत नाही, आता फक्त शाई फुटते की नाही ते पाहतो. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो. माझा उताराही साधारण तोच. शंभर पानं लिहिली की सदुसष्ट राहतात; बाकी तूस, कोंडा आणि कनकी. कनकी वाया जात नाही, तिचे पुढच्या कादंबरीत डोसे होतात.

इंग्रजीतल्या बार्बरा कार्टलंड बाईंनी सातशेच्या वर प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. त्या कोचावर पडून सेक्रेटरीला मजकूर सांगायच्या असं वाचलं तेव्हा मी घरात सांगितलं, की बघा, लोक कसे लिहितात. आमच्याकडे कोच नाही. सेक्रेटरी आहे, पण ती लिहून घेत नाही, खोडते.

तिची शाळा सातवीपर्यंत झाली. माहेर सावलीकडचं, चार एकर धान. ती वाचत नाही, ऐकते, आणि ऐकताना हाताला काम लागतं. तिनं खोडलेल्या गोष्टींची यादी केली तर तीच एक कादंबरी होईल. दुसऱ्या पुस्तकात मी नायिकेच्या तळहातावर मेंदी काढली होती, प्रसंग श्रावणातला. “रोवण्यात मेंदी? हात चिखलात कुजून पांढरे होतेत, पायाच्या बोटांत चिखल्या. मेंदी कोनाले दिसन?” मेंदी गेली. तिसऱ्यात नायक-नायिका एकशे चाळीस पानं प्रेम करतात आणि एकदाही जेवत नाहीत. “उपाशी मानूस असा बोलते का?” तेव्हापासून माझ्या पुस्तकांत लोक जेवतात. वाळल्या झिंग्यांची चटणी, तरोट्याची भाजी, लाखोळीची डाळ. पुण्याच्या एका वाचक बाईंनी लाखोळीच्या डाळीची कृती मागवली होती. बायकोनं सांगितली, मी लिहून पाठवली, आणि ते पत्र मी त्या वर्षी लिहिलेल्यांत सगळ्यात रसाळ होतं.

पत्र ‘ताई’ला आलं होतं. त्याचं असं झालं. पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित रजिस्टर पोस्टानं पाठवलं, त्या प्रकाशकाचं म्हणणं पडलं की मजकूर बरा आहे, पण असली पुस्तकं लायब्ररीतून बायका नेतात आणि त्यांना बाईचं नाव लागतं. दीड हजार रुपये एकरकमी, अकराशे प्रती, आणि मुखपृष्ठावर एका बाईचं नाव. नाव मी इथं सांगत नाही. तिची आजही थोडी इज्जत आहे. पुढची तीस वर्षं मी तिच्या नावानं मनिऑर्डरी, मग चेक आणि असंख्य पत्रं घेतली. ‘ताई, बाईच्या मनातलं तुम्हाला इतकं कसं कळतं?’ असं एका पत्रात होतं. मी ते मोठ्यानं वाचलं. बायको भाकरी थापत होती. म्हणाली, “कळते कोनाले, ते मले माहीत आहे.”

हा नावाचा खेळ मला बोचत नव्हता असं नाही. पण त्यातून भाषेची एक गंमत ध्यानात आली, जी कदाचित एरवी आली नसती. पुण्याच्या मराठीत तो जातो, ती जाते. मी पुरुष असेन तर जातो, बाई असेन तर जाते. आमच्याकडे तो बी जाते, ती बी जाते, आणि ‘मी’ मात्र दोघांचाही ‘जातो’. माझी बायको ‘मी येतो’ म्हणते, तिची आईही म्हणायची. स्वतःबद्दल बोलताना इथल्या क्रियापदाला बाई-पुरुष कळत नाही. बाईच्या नावानं लिहिणाऱ्या माणसाला याहून सोयीची बोली कुठे मिळणार? चौथ्या कादंबरीत मी नायिकेच्या तोंडी तेच घातलं. निरोपाचा प्रसंग, ती फाटकाशी वळून म्हणते, ‘मी येतो.’ पुस्तक छापून आलं. ‘मी येते.’ सगळीकडे, तेवीस ठिकाणी. संपादकाला वाटलं, दिवाणजीचा हात चुकला. ‘डोरे’चे ‘डोळे’ झाले होते, ‘पानी’चं ‘पाणी’. पुस्तक शुद्ध झालं आणि माझी नायिका कुठल्या तरी पेठेत राहायला गेली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य घातलं, तिची संमेलनं उभी केली; त्यांचं काम वाचल्यावर मला माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली. पुढच्या हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून टाकलं, की नायिका ‘येतो’ म्हणते, ती चूक नाही, कृपया तिला येऊ द्यावं. तेव्हापासून येते आहे.

पण मुद्दा संध्याकाळचा होता. तलाव गेल्यावर दोघांना भेटवायचं कुठे? मी दिवसाकडे वळलो. दुसऱ्या कादंबरीत भेटी झाल्या त्या नॅरोगेजच्या गाडीत. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी ती गाडी मूल-मारोडा स्टेशनात अशा बेतानं यायची की उतरून शेंगदाणे घेऊन पुन्हा चढता यावं. त्या गतीत दोन अबोल माणसं तीन स्टेशनांत एक वाक्य बोलू शकतात. पुढे ब्रॉडगेज झालं आणि माझा एक चांगला नेपथ्यकार गेला.

मग रोवणी. बायकोनं मेंदी पुसली होती, पण बदल्यात तिनंच हे दिलं. रोवणीत बाया वाकून रांगेनं मागे सरकत लावत जातात आणि पोरं बांधीच्या धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या पेंढ्या त्यांच्या मागे फेकतात. ज्याचं कोणाशी काही नाही, तो पेंढी कशीही भिरकावतो आणि चिखल बायांच्या पाठीवर उडतो, शिव्या बसतात. “आनी एखादीची पेंढी अशी पडते,” ती म्हणाली, “हाताच्या बाजूले, अलगद, एक शितोडा नाई. बाकीच्या बायाइले लगेच समजते.” मी विचारलं, “तुला कोणी फेकली होती?” ती सूप घेऊन आत गेली. ती पेंढी माझ्या पाचव्या कादंबरीच्या सतराव्या पानावर आहे आणि मी लिहिलेलं प्रेमाचं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे, ज्यात प्रेम हा शब्द नाही. कोणी फेकली ते मला अजून माहीत नाही. मी धान पिकवणाऱ्यांच्या घरातला नाही. त्यामुळे मी नव्हतो एवढं नक्की.

हळूहळू मला माझ्या धंद्याचं मर्म सापडत गेलं, की दोन माणसांना काय आडवं येतं ते नीट कळलं पाहिजे, प्रेम आपोआप होतं. मी एक वही केली. ‘आडवं आलेलं’ असं तिच्यावर लिहिलं. एका पानावर एकच अडचण, तारखेसह. पर्लकोटेला पूर, भामरागडचा रस्ता बंद, नर्सबाई तिकडे आणि शिक्षक इकडे. गाय व्यायली. बारावीचा निकाल. नागपूर–नागभीडची छोटी गाडी २०१९ साली बंद, आता कॉलेजला जायचं कसं. जात हे पान मी पहिल्यांदा लिहिलं आणि ते कधी उलटता आलं नाही.

मोबाईल आल्यावर शहरातल्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांचं दिवाळं निघालं. पूर्वी एक हरवलेलं पत्र चाळीस पानं चालायचं. आता मिस्ड कॉल दिला की गैरसमज मिटतो. माझं तितकं बिघडलं नाही. एटापल्लीकडे जाणाऱ्या एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं, त्यांच्या गावात एकाच मोहाच्या झाडाखाली रेंज येते आणि संध्याकाळी तिथं गावातली सगळी तरणी पोरं उभी असतात, एकमेकांकडे पाठ करून. पाठ करून हा तपशील मला कुठून सुचला असता?

एकदा दुसऱ्या एका प्रकाशकाचा फोन आला. गडचिरोली म्हणजे गोटुल, तरुण पोरं-पोरी, असं काही ‘गरम’ होऊ द्या म्हणाले. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून बाहेरच्यांच्या डोक्यात ते चित्र जे बसलं ते हलत नाही. माडियांच्या गावातला गोटुल आज गावाची बैठक बसण्याची, पाहुणा उतरवण्याची जागा आहे. ज्या घराच्या ओसरीवर आपण बसलेलो नाही त्याच्या माजघरातलं लिहायचं नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

आणि मग नाटक. झाडीपट्टीतल्या माणसाला नाटकाबद्दल विचारू नये, तो थांबत नाही. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडईला पाहुणे येतात, वडे तळले जातात, दंडार होते, आणि कोणाचा पोरगा कोणाच्या पोरीला दाखवायचा ते या गर्दीतच उरकतं. कित्येक लग्नं अशीच जुळलेली. रात्री नाटक. वडशाला कंपन्यांची कार्यालयं, तिथून होळीपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावात खेळ. याच रंगभूमीवर हजारो प्रयोगांत लोकांना हसवणाऱ्या गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या मिलमध्ये हमालांनी पेढे वाटले. पैसे मालकाकडून घेतले, पण वाटले त्यांनी.

एका कंपनीसाठी मी नाटक लिहून पाहिलं. दिग्दर्शकानं वाचलं आणि प्रेमाच्या प्रवेशावर बोट ठेवलं. म्हणाला, “दिवानजी, हे लवकर उरका. सासू-सुना एकाच बोऱ्यावर बसल्या राहतेत, कोनं कुठं पाहावं? रडाचं लांबवा.” नाटक चाललं नाही. पण त्या निमित्तानं मी एक अख्खा हंगाम मागच्या तणसावर बसून काढला, आणि रंगमंचाकडे पाठ करून प्रेक्षक पाहिले. पडदा दहाला उघडणार म्हणतात, उघडतो अकराला. संपतो तांबडं फुटताना. ट्रॅक्टर भरभरून लोक आलेले, गोधड्या, शेकोट्या, खर्रा घोटणारे हात, झोपलेली लेकरं. वर्षातून ही एकच रात्र अशी की सगळं गाव जागं, सगळे रस्ते चालते, आणि कोण कुठे बसलंय ते कोणालाच नक्की माहीत नाही. शहरातल्या माणसाला रोज मिळणारी संध्याकाळ आमच्याकडे वर्षातून एकदा येते, रात्रभर टिकते आणि तिला तिकीट असतं. त्यावर मी अकरावी कादंबरी लिहिली. सगळी एका नाटकाच्या रात्रीत, तीन अंकांत, प्रत्येक अंक पडला की दोघं दोन माणसांनी जवळ सरकलेली. माझं तेवढं एकच पुस्तक तीनदा छापलं गेलं.

आता वाघ. हे लिहायला मी मुद्दाम उशीर केला.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली अंधारीसह व्याघ्र प्रकल्प. वाघ आमच्या आजोबांच्या गोष्टींतही होता, पण गोष्टींत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो बांधीत आला, तणसाच्या ढिगाआड आला, गावच्या रस्त्यावर आला. हमाल पाच वाजले की चुळबुळ करायला लागले. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरते: एकट्यानं जाऊ नका, अंधारात जाऊ नका, वाकून काम करताना लक्ष ठेवा. ‘सातच्या आत घरात’ नावाचा सिनेमा २००४ साली आला होता; शहरातल्या मुलींच्या सातच्या बंधनाची गोष्ट. आमच्याकडे वाघानं सहा वाजवले, आणि मुलींनाच नाही, पोरग्यांना, म्हाताऱ्यांना, दारुड्यांना, सगळ्यांनाच सहाच्या आत घरात घातलं.

खोटं कशाला बोलू, लेखक म्हणून मला आनंद झाला. अडचण अशी असावी. प्राथमिक प्रतिसाद दलातला पोरगा, रात्री काठी-बॅटरी घेऊन गावाच्या वेशीवर गस्त घालणारा. मोहफूल वेचणारी पोरगी, चैत्रातल्या पहाटे झाडाखाली वाकलेली. दोघांना भेटायला ना संध्याकाळ, ना एकांत. मी वहीत नवं पान काढलं, ‘वाघ’ लिहिलं, तारीख घातली. एप्रिल होता. चोविसावं पुस्तक सुरू केलं.

मे महिन्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या बायांपैकी एक परत आली नाही. आमच्याच मिलमधल्या एका हमालाची बायको. गाव सांगत नाही.

मी दोन महिने लिहिलं नाही. पावसाळा लागला, ओसरीवर पहाटे उठून बसायचो आणि रोजमेळाची पानं मोजायचो. वहीतलं ते पान फाडावं असं वाटलं, मग फाडणं हासुद्धा देखावाच होईल असं वाटलं. ते आहे.

तेरवी झाल्यावर तो हमाल कामावर आला. मिल बंद होती, बारदाना झाडण्याचं काम होतं. दुपारी माझ्या टेबलाजवळ खाली बसला. नुकसानभरपाईच्या कागदांवर माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायचा होता. मी लिहीत होतो, तो सांगत होता. वय, गट नंबर, बँकेचा खातेक्रमांक. मध्येच म्हणाला, “दिवानजी, ती मले जंगलाच्या वाटेनं कदी मांगं चालू देत नोती. म्हने, मांगच्याले नेते.”

मी अर्ज लिहीत राहिलो. त्या दिवशी मागे कोण होतं, हे विचारलं नाही. अर्जात त्या वाक्याला रकाना नव्हता. पावतीच्या पाठीवर टिपायला हात गेला आणि मी तो टेबलाखाली घेतला.

लग्नाला सत्तावीस वर्षं झालेला माणूस. चांगलं बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. बायकोबद्दल बोललाच तर ती पैसे कुठे लपवते याबद्दल. वाट एका माणसाच्या रुंदीची, आणि रोज ती मागे. तेवीस पुस्तकांत मी नायकाला नायिकेसाठी पुरात घातलं, नोकरी सोडायला लावली, बापाशी बोलणं तोडायला लावलं. कोण पुढे चालतो आणि कोण मागे, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मिलमधून निघालो की मी पुढे आणि सायकल हातात, बायको बाजार घेऊन चार पावलं मागे, हे मात्र पस्तीस वर्षं चाललेलं. त्याला मी चालीरीत समजत होतो.

पोळ्यानंतर पुन्हा लिहायला बसलो. त्या माणसाला न विचारता हे वाक्य घेता येणार नाही, आणि विचारायला तोंड नाही. म्हणून कथा वळवली. मोह नाही, तेंदू नाही, नाटकाची रात्र. दोघं शेवटच्या अंकाआधी उठतात, कारण तिला आई उठायच्या आत पोचायचं आहे. गावाकडे जाणारी वाट जंगलाच्या कडेनं, दोघांना शेजारी चालता येणार नाही इतकी अरुंद. पान एकशे बारा. दोघंही उभे आहेत. कोण मागे चालणार ते मला लिहिता येईना. त्याला मागे ठेवला की ते सिनेमातलं वाटतं. तिला ठेवली की माझा हात थांबतो.

परवा रात्री बायकोला वाचून दाखवलं. ती आता तांदूळ निवडत नाही, मिलच्या सॉर्टेक्स मशीनमधून येतो तो निवडावा लागत नाही. तरी सूप घेऊन बसते. ऐकलं. बराच वेळ काही बोलली नाही.

“पेन कोनाच्या हातात आहे?”

“माझ्या.”

“मंग वाट रुंद करा.”

मी म्हटलं, तशी वाट तिकडे कुठेच नाही. ती वाट तिच्या माहेरची आहे, तिच्याच तोंडून ऐकून घेतलेली, आणि ती किती रुंद आहे ते तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे. “मले माहीत आहे,” म्हणाली, आणि दिवा मालवला.

पान एकशे बारावरच आहे. काल सकाळपासून नवं धान यायला लागलं. काट्यावर सात गाड्या उभ्या होत्या, आणि आता होळीपर्यंत सवड नाही.